खोट्या कोलंबीचा वास

डब्यातली बडीशेप कमी व्हायला लागली तेव्हा मी आधी उंदरांवर संशय घेतला. उंदीर बडीशेपेच्या वाटेला जात नाहीत हे मला ठाऊक होतं. पण घरात माणसं दोनच, मी आणि मामंजी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. हे मुंबईला बाहुल्यांच्या कारखान्यात कामाला. महिन्यातून एखाद्या शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरायचे, तिथून एसटीने चौलला यायचे आणि रविवारी जेवून परत. तेव्हा उंदीर नाहीत म्हटलं तर उरलं कोण? लग्नाला वर्ष झालेली सून मी, सासऱ्यावर बडीशेप चोरल्याचा आळ कसा घेणार? म्हणून उंदीर.

मग हिंगाची डबी हलकी झाली. मग लसणाच्या माळेतले गड्डे. एकदा पिंजरेच्या, म्हणजे कपाळाला लावायच्या कुंकवाच्या करंड्यात बोटाचा खड्डा दिसला, तेव्हा मात्र मी उंदरांचं नाव सोडलं. बडीशेप, हिंग, लसूण आणि पिंजर एकत्र लागावी असं एकच काम मला सुचत होतं, करणीचं, आणि तो शब्द मी मनातसुद्धा घेत नव्हते.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्या सुमाराची ही गोष्ट. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. मी खारेपाटातली, भातशेतीवाल्यांच्या घरातली. चौलला आले ती नारळी-पोफळीच्या वाडीत. वाडीच्या टोकाला, विहिरीपलीकडे, झावळ्यांनी शाकारलेली एक खोप होती. मामंजी दुपारी जेवण झालं की त्या खोपीत जायचे आणि आतून काठी लावून घ्यायचे. तासाभराने धूर निघायचा. चुलीच्या धुराचा वास मला कळतो. हा धूर वेगळा होता. नाकाला झोंबणारा, आणि त्याच्या आत कुठेतरी माझी बडीशेप.

माझ्या नाकाबद्दल थोडं सांगायला हवं. माहेरी ते सगळ्यांना माहीत होतं. तूप कढलं का, हे आई मला ओटीवरून हाक मारून विचारायची आणि मी अंगणातूनच सांगायची. सासरी येताना तिने बजावलं होतं, "तिथे हे नाक बंद ठेव. कुणाच्या तोंडाला कसला वास येतो ते सुनेने ओळखू नये." मी बंद ठेवत होते, पण नाकाला झाकण नसतं.

मामंजी पूर्वी माडी काढायचे. कमरेला कोयती अडकवून सकाळ-संध्याकाळ माडावर चढायचे, आणि आमच्या अंगणात गावातली चार माणसं गप्पा मारत बसलेली असायची. ते सगळं माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी दारूबंदीने बंद झालं. मडकी फुटली, कोयती वाशाला अडकवून ठेवली ती तिथेच गंजली. तेव्हापासून मामंजी खाडीवर गळ टाकून बसायचे. होडी नाही, जाळं नाही. सुताची दोरी, गळाची गरी आणि स्वतः. बोलणं आधीच कमी, ते आणखी कमी झालं असं शेजारची काकी सांगायची. कुणी हसत समोर आलं तरी मामंजी आधी त्याच्या हातात काय आहे ते बघायचे.

ती काकी एकदा विहिरीवर मला म्हणाली, "सासरा काय करतो गो दुपारचा?"

"झोपतात."

"खोपीत?"

"गार असतं तिथं."

तिने कळशी कमरेवर घेतली, जाताजाता हवा हुंगली. "आमच्या घरापर्यंत येतो हां तो गारवा," म्हणाली.

आणखी एक म्हातारा होता, मामंजींचं जुनं गिऱ्हाईक. माडीच्या दिवसांत रोज आमच्या अंगणात बसायचा, असं ऐकलं होतं. माझ्या लग्नानंतर मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्या धुराबरोबर तो उगवला. संध्याकाळी कुंपणाशी येऊन उभा राहायचा, खाकरायचा आणि विचारायचा, "काय, काही पाणी-बिणी?" मी तांब्या भरून पाणी द्यायची. तो तांब्याकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा, दोन घोट घ्यायचा आणि उरलेलं जास्वंदीच्या मुळाशी ओतून निघून जायचा.

अशात मामंजी एक दिवस मुरुडला गेले. तरीच्या होडीतून खाडी ओलांडायची, पलीकडे एसटी धरायची, म्हणजे दिवस मोडायचा. कशाला जाताय विचारलं तर "काम हाय" एवढंच. सांज पडायच्या आत परत आले. अंगणात पाऊल टाकलं आणि मी ओटीवर बसल्या जागी ताठ झाले. मोगऱ्याचं अत्तर. आत जाताना त्यांनी बंडीच्या खिशावर हात दाबून धरला होता.

साठीचा माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, खिशात अत्तर, आणि चोरून पिंजर नेतोय. मी त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ घातलं.

हे आले तेव्हा मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, हे चिडतील, निदान घाबरतील. हे फक्त मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिले.

"बाबांचं बाबांना बघू दे," म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहितीय."

"मी कुठं म्हटलं माहितीय?"

"मग विचारा ना त्यांना."

"तू त्यात पडू नको. आणि बाहेर बोलू नको कुणाकडे."

मुंबईहून येताना ह्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक डबा होता. माझ्यासाठी काही असेल म्हणून मी पाणी देतादेता दोनदा त्याच्याकडे बघितलं होतं. रविवारी सकाळी तो डबा खोपीत गेला. बापलेक बराच वेळ आत होते. ह्यांच्या हसण्याचा आवाजही आला. मी भाकऱ्या थापत होते आणि मला रडू येत होतं. करणी करणारा, नाहीतर काकी सुचवते तशी दारूची भट्टी लावणारा सासरा एक वेळ चालेल. पण नवरा आणि सासरा मिळून माझ्यापासून काहीतरी लपवतायत आणि वर हसतायत, हे मला सोसत नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मी खोपीच्या मागे गेले. झावळ्यांत बोट घातलं की आत दिसायचं. मामंजी तीन दगडांच्या चुलीपुढे उकिडवे बसले होते. हातात लोखंडी पळी, पळीत दुधासारखं पांढरं काहीतरी. ते निखाऱ्यावर धरून काडीने ढवळत होते. बघताबघता दूध दाटलं, मग त्याचा पांढरा रंग गेला आणि ते काचेसारखं झालं. एवढ्यात माझी नजर वर गेली. वाशाला बांधलेल्या दोरीवर ओळीने बोटं लटकत होती. गुलाबी, वाकडी, लहान मुलाची असावीत तशी.

मी ओरडले की नाही मला आठवत नाही. काठी सरकल्याचा आवाज आला आणि मामंजी माझ्यासमोर उभे होते.

"कोणी धाडलं गो तुला?"

"कुणी नाही."

"त्या शेजारणीनं?"

"नाही, मामंजी."

"मग कशाला आलीस?"

मी दोरीकडे बोट केलं. "ती कुणाची बोटं आहेत?"

मामंजींनी मागे वळून बघितलं. त्यांना क्षणभर समजेना. मग आत जाऊन त्यांनी एक बोट दोरीवरून सोडवलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मऊ होतं, लिबलिबीत, अंगाला कोलंबीसारखे वळसे आणि शेपटीकडे पातळ. मी हात हलवला तर ती कोलंबी शेपटी हलवायला लागली.

"खोटी हाय," मामंजी म्हणाले. "चारा."

मग त्यांनी उंबऱ्यात बसून, जरा रागातच, सगळं सांगितलं. ह्यांच्या मुंबईच्या खोलीत राहणारा एक जण गोदीत कामाला होता. त्याला कुणा परदेशी खलाशाने एक मऊ, खोटा मासा दिला होता, गळाला लावायचा. ह्यांनी तो एकदा आणून मामंजींना दाखवला. त्या माशाला बडीशेपेचा वास होता. मामंजी तो मासा उशाशी घेऊन झोपले म्हणे. आमच्या खाडीत जिताड्यासारख्या मोठ्या माशासाठी खरी कोलंबी गळाला लावली की निम्मी खेकडे कुरतडून नेतात. ही कुरतडणार नाही, मरणार नाही, रोज शोधत फिरायला नको. ह्यांच्या कारखान्यात बाहुल्यांची तोंडं ज्या पांढऱ्या रसाची ओततात तो तापला की असाच मऊ गोठतो. पिंपाच्या तळाशी राहिलेला रस फेकून द्यायचे, तो हे विचारून डब्यातून आणत होते. साचा मामंजींनी गणपती करणाऱ्याकडच्या प्लास्टरचा केला होता, खरी कोलंबी त्यात दाबून. पिंजर रंगासाठी. वास मात्र जमत नव्हता. बडीशेप खोबरेल तेलात उकळून झाली, हिंग झाला, लसूण झाला, आता अत्तर.

"अत्तरवाल्यानं विचारलं, किसके वास्ते? मी म्हटलं, जिताड्यासाठी. त्याला वाटलं कोणाचं नाव हाय." हे सांगताना ते हसले नाहीत. मीही हसले नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

"खाडीवर माणूस माणसाची दोरी बघतो. कोणाच्या तोंडातून कुठं जाईल, काय भरवसा?" आणि मग माझ्याकडे न बघता, "आता तुला कळलंय. तुझ्यापाशी ठेव."

मी ठेवलं. काकीने पुन्हा विचारलं तेव्हाही "झोपतात" म्हणाले. ह्यांनाही मी त्यानंतर काही विचारलं नाही, कारण ह्यांचा राग अजून गेला नव्हता, म्हणजे माझा ह्यांच्यावरचा.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी हवालदार आला.

दुपारची वेळ, खोपीतून धूर निघत होता. हवालदार आणि एक शिपाई सरळ विहिरीकडे चालत गेले, वाट माहीत असल्यासारखे. मी मागोमाग धावले. हवालदाराने खोपीच्या दारात उभं राहून लांब श्वास घेतला.

"बडीशेपेची लावलीय," तो शिपायाला म्हणाला.

त्या काळी चोरून गाळलेल्या दारूत बडीशेप टाकत, हे मला त्या दिवशी समजलं. मामंजी त्याला कोलंब्या दाखवत होते, साचा दाखवत होते. हवालदार कोलंबी दोन बोटांत धरून ताणून बघायचा आणि विचारायचा, "ते ठीक आहे, पण माल कुठाय?" तेलाचं मडकं हुंगून झालं. शेवटी त्याने पांढऱ्या रसाचा डबा उचलला, त्यात बोट बुडवून जिभेपर्यंत नेलं आणि शेवटच्या क्षणी त्याला शहाणपण सुचलं. बोट त्याने धोतराने पुसलं असतं, पण अंगात गणवेश होता, म्हणून झावळीला पुसलं.

"चला चौकीवर. डबा पण घ्या."

कुंपणाबाहेर माणसं जमली होती. काकी होती, तिची पोरं होती. मामंजी त्यांच्यामधून जाताना थांबले आणि त्यांनी वळून बघितलं. माणसांकडे नाही, माझ्याकडे. एवढंच बघितलं आणि गेले.

त्या नजरेत काय होतं ते कळायला नाक लागत नव्हतं. खोपीतलं गुपित जगात तीन माणसांना ठाऊक. त्यातला एक मुंबईत.

चौकीवर काय झालं ते नंतर शिपायाकडून गावाला कळलं. डब्यातला रस दारू आहे का बघायला हवालदाराने थोडा तव्यावर ओतून खाली जाळ केला. पेट घेईल म्हणून सगळे मागे सरले. तो पेटला नाही, गोठला, आणि तव्यातून भाकरीसारखा सबंध निघाला. मग हवालदार हसला, शिपाई हसला, मामंजींना चहा पाजून सोडून दिलं. दिवेलागणीच्या आधी ते घरी आले. मी पाय धुवायला पाणी पुढे केलं. ते तांब्याला बाजूने वळसा घालून विहिरीवर गेले आणि स्वतः पाणी शेंदून पाय धुतले.

जेवायला बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी खोपीतल्या चुलीवर त्यांनी स्वतःचा भात शिजवला. मी ताट वाढून ठेवायची, ते झाकलेलं तसंच राहायचं, मग मी ते गाईला घालायची. घरात आवाज फक्त रहाटाचा. मी एकदा धीर करून म्हटलं, "मामंजी, देवाशप्पथ, मी कुणाला सांगितलं नाही."

"मी काय बोललो तुला?" ते म्हणाले.

खरंच काही बोलले नव्हते.

मीही मग संशय घ्यायला लागले. काकीवर तर होताच. तिच्या थोरल्या पोरावर. मुंबईच्या खोलीतल्या त्या गोदीवाल्यावर. एकदा तर ह्यांच्यावर सुद्धा, की बापाचा हा नाद सुटावा म्हणून ह्यांनीच कुणाला सुचवलं असेल. अंगणात बसून तांदूळ निवडताना मी गावातल्या एकेका माणसाला उभं करून तपासत होते, आणि कुणीच निर्दोष वाटत नव्हतं.

मामंजींचं खाडीवर जाणं चालू होतं. रोज सकाळी कोलंब्यांच्या बाटल्या पिशवीत टाकून जायचे. एका बाटलीत बडीशेपेचं तेल, एकीत लसूण आणि सुक्या जवळ्याचं, एकीत अत्तर. रोज रिकाम्या हातांनी परत. एकदा ते ओटीवर बसून स्वतःशीच बोलताना मी ऐकलं, "जिताडा येतो, तोंडात घेतो, थुंकतो. घेतो नि थुंकतो. कोणीतरी हात लावतंय माझ्या बाटल्यांना."

कोणीतरी म्हणजे कोण, हे ओटीवरून स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात होतं.

मग मात्र मी बाहेर आले. एवढे दिवस साठलेलं होतं. पदर खोचला आणि त्यांच्यासमोर बसले.

"आणा त्या बाटल्या."

त्यांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी पिशवी पुढे सरकवली. मी डोळ्यांवर पदर ओढून घेतला आणि हात पुढे केला. "एकेक कोलंबी द्या. मी सांगते."

पहिली नाकाशी धरली. "बडीशेप. तेल जरा करपलंय." दुसरी. "लसूण-जवळा. हा ताजा आहे, परवाचा." तिसरी अत्तराची होती, ती तर कुणीही ओळखली असती. "आणि मामंजी, तिन्हींच्या खाली एकच वास आहे. रॉकेलचा. आणि तंबाखूचा."

मी पदर काढला तर ते स्वतःचा हात हुंगत होते. उजवा हुंगला, डावा हुंगला.

"मला तर काय येत न्हाय."

"तुम्हाला कसा येईल? तुम्ही रोज त्यातच असता. कंदिलात रॉकेल तुम्ही भरता, तंबाखू मळता, आणि त्याच बोटांनी ह्या कोलंब्या गरीला लावता. तोंडात घेईपर्यंत त्याला बडीशेप लागते. मग रॉकेल लागतं. मी जिताडा असते तर मीही थुंकले असते."

हे बोलून गेल्यावर मला वाटलं, आता संपलं, आता माहेरी पाठवतील. मामंजी उठले, चुलीतली राख घेऊन विहिरीवर गेले आणि हात घासायला लागले. राखेने घासले, मातीने घासले. परत येऊन त्यांनी दोन्ही हात माझ्या नाकासमोर धरले, शाळेत नखं दाखवतात तसे.

"अजून आहे," मी म्हटलं. ते पुन्हा गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "चल."

मी खाडीवर पहिल्यांदाच जात होते. तिवरांच्या कडेला एक दगडी बांध होता, भरतीचं पाणी त्याला लागायला नुकतंच सुरू झालं होतं. मामंजींनी काठावरचा काळा चिखल हातांना चोळला. माझं काम बाटलीतून कोलंबी काढून देणं. तंबाखूची डबी त्यांनी घरीच ठेवली होती, त्यामुळे ते फार चिडचिडे झाले होते. अत्तराच्या कोलंबीला काहीच लागलं नाही. बडीशेपेच्या कोलंबीला एक शिंगाळी लागली, तिने मामंजींच्या अंगठ्यात काटा घुसवला, आणि ती परदेशी बडीशेप त्या दिवशी मामंजींच्या मनातून उतरली.

तेवढ्यात बांधावरून कुणीतरी खाकरलं. ते जुनं गिऱ्हाईक, तो म्हातारा. तो आमच्या मागे येऊन उभा राहिला आणि बाटल्यांकडे बघत राहिला.

"ह्याच त्या?" त्याने विचारलं.

मामंजी वळले नाहीत. "काय ह्याच?"

"ह्याच्यासाठी होती बडीशेप?"

"व्हय."

म्हातारा खाली बसला. डोकं धरलं. "अरे, मग सांगायचंस ना मला. मी रोज येतोय, तुझी सून तांब्या भरून पाणी देतेय. मला वाटलं, ह्यानं पुन्हा धंदा लावला नि आता आपल्याला वळखपण देत न्हाय. जुना माणूस, घोटभर विचारलं न्हाय. सांगितलं मग मी हवालदाराला. राग आला. खूप राग आला मला."

हे सांगताना त्याचा आवाज खरोखरच दुखावलेला होता, जणू आम्हीच त्याला फसवलं होतं. मी मामंजींच्या पाठीकडे बघत होते. आता काहीतरी होईल, ते ओरडतील, त्याला खाडीत ढकलतील. मामंजींनी फक्त दोरी बोटावर गुंडाळली, परत सोडली.

"सूनबाय," ते म्हणाले, "लसणाची दे."

माझं नाव त्यांनी तेव्हाही घेतलं नाही, माफीचा शब्द काढला नाही. पण ती हाक मी ओळखली. हवालदार आला त्या दिवसापासून त्यांनी मला कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती.

लसूण-जवळ्याच्या कोलंबीला त्याच भरतीत जिताडा लागला. दोरी अशी ओढली गेली की मामंजी गुडघ्यांवर पडले. मी दोरी धरली, त्या म्हाताऱ्यानेही धरली, आणि तिघांनी मिळून तो चिखलावर ओढून काढला. माझ्या हाताएवढा लांब, पाठ हिरवट काळी, अंग चांदीचं. खोटी कोलंबी त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात तशीच, शेपटीसकट शाबूत.

मला वाटलं, निम्मा घरी, निम्मा विकायला. मामंजींनी तो ओल्या गोणपाटात, केळीच्या पानांत गुंडाळला, म्हाताऱ्याला बरोबर न येण्याबद्दल दोनदा बजावलं आणि मला म्हणाले, "लुगडं बदल. व्याह्यांकडं जायचंय."

"आत्ता?"

"मासा थांबत न्हाय."

एसटीत त्या गोणपाटामुळे आमच्या शेजारी कुणी बसलं नाही. माझ्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. मामंजी मला माहेरी का नेतायत? नेऊन सोडणार तर नाहीत? सुनेला परत करताना मोकळ्या हाताने जाऊ नये म्हणून हा मासा? वाटेत मी दोनदा विचारलं, "परत कधी यायचं?" आणि दोन्ही वेळा त्यांनी "बघू" म्हटलं. "बघू" हा शब्द इतका वाईट आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

माहेरच्या अंगणात आम्ही उभे राहिलो तेव्हा बाबा खाटेवरून ताडकन उठले. निरोप नाही, सण नाही, आणि व्याही दारात, मागे मुलगी मान खाली घालून. आई दारात आली ती तिथेच थांबली. तिने आधी माझ्या गळ्याकडे बघितलं, मंगळसूत्र जागेवर आहे ना म्हणून. मग हातांकडे. मग पोटाकडे.

"या, या," बाबा म्हणाले. "सगळं ठीक?"

"ठीक," मामंजी म्हणाले आणि गोणपाट खाली ठेवला.

आईने पानं उलगडली. आमच्या खारेपाटात घरोघरी शेततळ्यात जिताडे पाळतात, त्यामुळे खाडीच्या जिताड्याकडे तिथली माणसं जरा नाक मुरडूनच बघतात. आईने कल्ला उचलून बघितला. लाल होता. वाकून वास घेतला, आणि ती माझीच आई.

"ह्याला लसणाचा वास कसा येतोय?" ती म्हणाली. "शिजवायच्या आधीच?"

बाबांनी मामंजींकडे बघितलं. मामंजींनी बंडीच्या खिशातून ती कोलंबी काढली, शेपटी बोटाने हलवून दाखवली आणि माझ्या बघण्यात पहिल्यांदाच चारचौघांत सलग चार वाक्यं बोलले. रस, साचा, पळी, सगळं. आणि शेवटी, आईकडे बघून, "वास हिनं काढला. मी उगाच अत्तरं आणत बसलो. हिचं नाक हाय म्हणून झालं."

आई हसली, पण नुसत्या ओठांनी. जेवताना ती मामंजींना आग्रह करून वाढत होती आणि मधूनच माझ्याकडे नजर टाकत होती. मामंजी तिच्या हातचं पोटभर जेवले. नंतर मी पाणी नेऊन दिलं, तर तांब्या माझ्या हातातून घेऊन त्यांनी तो रिकामा केला आणि पुन्हा भरून मागितला.

निघायच्या वेळी आईने मला मागच्या पडवीत ओढलं. माझा दंड धरला.

"खरं सांग. काय झालंय?"

"काही नाही गं आई."

"मासा द्यायला एवढ्या लांबून कोणी येतं? बरोबर सुनेला घेऊन?"

"त्यांना द्यायचा होता."

"का पण?"

मला ते सांगता आलं नाही. पोलीस, भट्टी, मी वाढून ठेवलेली आणि गाईला घातलेली ताटं, हे आईला कसं सांगायचं? मी म्हटलं, "उशीर होईल, एसटी जाईल." ती माझ्या तोंडाजवळ तोंड आणून क्षणभर थांबली, मी रडून आलेय का ते बघत असावी. मग तिने दंड सोडला.

बाहेर मामंजी गोणपाट झटकून घडी घालत उभे होते. आम्ही दोघं बांधावरून एसटीच्या थांब्याकडे चालायला लागलो. मी मागे वळून बघितलं तेव्हा आई अजून अंगणात उभी होती, कपाळावर हात धरून, आणि तिचा आमच्यावर तिळमात्र विश्वास बसलेला नव्हता.